अक्षर झिजलंय खरं, पण कशानं?

प्रश्न थोडक्यात असा: नाटकाच्या पोस्टरचं शीर्षक एका झिजलेल्या, ओरखडलेल्या दिसणाऱ्या डिस्प्ले फॉन्टमध्ये (मोठ्या शीर्षकांसाठी केलेल्या फॉन्टमध्ये) केलं. पडद्यावर ते छान वाटलं, छापून आल्यावर मात्र वरून चिकटवल्यासारखं दिसलं. असं का होतं, असे फॉन्ट कुठे वापरावेत, निवडावेत कसे आणि देवनागरीत ते चालतात का?

चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. अक्षर झिजलेलं दिसतं, पण ते कशानं झिजलं हे त्यातून कळत नाही. अक्षर आपोआप खराब होत नाही. लाकडी खिळ्याचा (छपाईच्या एकेका सुट्या अक्षराच्या ठोकळ्याचा) कोपरा आपटून उडतो, टाइपरायटरची रिबन वाळते, स्टेन्सिलच्या कडेखाली रंग शिरतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की बारीक रेघ नाहीशी होते, भिंतीवरच्या रंगाचे पोपडे निघतात. या प्रत्येकाची खूण वेगळी असते. बघणाऱ्याला ती शब्दांत सांगता येत नसली, तरी त्याची नजर आयुष्यभर या खुणा बघत आलेली असते. म्हणून ‘जुनं दिसतंय’ एवढ्यावर फॉन्ट निवडला की गडबड होते. ‘ही झीज कशाची?’ हा प्रश्न आधी विचारावा.

लाकडी खिळ्यांचं उदाहरण जवळून बघू, कारण झिजलेल्या फॉन्टपैकी बरेच तोच आव आणतात. पोस्टरसाठी मोठे लाकडी खिळे यंत्रावर घाऊक कापण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं १८२७च्या सुमारास बसवली. लाकूड बहुतेक मेपलचं असे, आणि अक्षर कोरलं जाई ते खोड आडवं कापल्यावर जो तोंडाचा भाग मिळतो त्यावर. तो भाग कठीण असतो, दाब सहन करतो आणि त्यात लांब रेषा नसतात. त्यामुळे अक्षराच्या अंगातून फळीसारख्या लांब लांब रेषा धावत असतील, तर तो फॉन्ट लाकडी खिळ्याची नाही, रंगवलेल्या फळीची गोष्ट सांगतोय. खिळ्याच्या छापाची लक्षणं निराळी. दाबामुळे शाई कडेला ढकलली जाते, म्हणून अक्षराची किनार गडद आणि आतला भाग किंचित फिका, ठिपकेदार येतो. कोपरे गोलसर झालेले असतात. टोचा पडला असेल तिथे स्वच्छ कडेचा पांढरा खड्डा दिसतो. शाई कमी पडली असेल तिथे कागदाचे बारीक कण डोकावतात, आणि त्यांची दाटी सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला ती जास्त असते, दुसरीकडे विरत जाते.

टाइपरायटरचं उलट. तिथे रिबनचं विणकाम रेघेत उमटतं, रोमन ‘ई’ किंवा ‘ए’च्या छोट्या पोकळ्या शाईनं बुजतात, एखादं अक्षर ओळीच्या किंचित वर किंवा खाली बसतं. आणि एक बारकावा फार कमी फॉन्टकर्ते पाळतात. एका यंत्रात प्रत्येक अक्षराचा ठसा एकच असतो. म्हणून त्या अक्षराची मोडतोड दर वेळी सारखीच येते, बदलतो तो फक्त शाईचा जोर. लाकडी किंवा धातूच्या खिळ्यांत मात्र शेजारशेजारची दोन ‘ओ’ म्हणजे दोन वेगळे खिळे असतात, तेव्हा त्यांच्या जखमाही वेगळ्याच हव्यात.

आता निवडीचा खरा निकष. झीज अक्षराची आहे की पृष्ठभागाची? खिळा, टाइपरायटर, रबरी शिक्का, स्टेन्सिल यांत नुकसान त्या त्या अक्षराचं किंवा त्याच्या छापाचं असतं. ते फॉन्टमध्ये साठवता येतं. भिंत, पत्रा, कापड, चुरगळलेला कागद यांत नुकसान पृष्ठभागाचं असतं. भेग एका अक्षरातून निघून दुसऱ्यात शिरते, मधल्या मोकळ्या जागेलाही सोडत नाही. हे काम फॉन्टला जमणारच नाही, कारण फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपल्या चौकटीत संपतं. भिंतीचा भास हवा असेल तर साफ फॉन्ट घ्यावा आणि संपूर्ण शब्दावर एकच टेक्सचर मास्क म्हणून टाकावं, म्हणजे त्यातल्या भेगांच्या जागी अक्षर झाकलं जाईल. चिकटवल्यासारखी दिसणारी जी शीर्षकं माझ्याकडे तपासायला येतात, त्यांतली बरीच या एका गल्लतीमुळे तशी दिसतात. पोपडे निघालेल्या भिंतीचा आभास असतो, पण प्रत्येक पोपडा अगदी शहाण्यासारखा अक्षराच्या हद्दीत थांबलेला असतो.

हा प्रकार संगणकाबरोबर आला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं (खिळे ओतणाऱ्या कारखान्यानं) १८९०च्या दशकात बर्न नडाल यांनी आखलेला एक टाइप काढला. त्याचं मूळ नाव होतं ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी’. नव्याकोऱ्या धातूच्या खिळ्यांवर मुद्दाम खडबडीत, झिजलेल्या कडा होत्या. पुढे तोच ‘कॅस्लन अँटिक’ या नावानं विकला गेला, जरी अठराव्या शतकातल्या विल्यम कॅस्लनच्या टाइपशी त्याचं नातं नाही. ‘ले मिझराब्ल’ या संगीतिकेचं प्रसिद्ध शीर्षक त्यातलंच. डिजिटल काळात १९९१ साली एरिक फान ब्लोकलंड या डच डिझायनरनं ‘ट्रिक्सी’ केला, तो खऱ्या टाइपरायटरवर टंकलेल्या अक्षरांवरून. ‘एक्स फाइल्स’ मालिकेच्या नावामुळे तो घरोघरी पोचला. २००८मध्ये त्याची ‘एचडी’ आवृत्ती आली. तिच्या कडांमध्ये कितीतरी जास्त तपशील आहे आणि एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत.

त्याआधी ब्लोकलंड आणि युस्ट फान रोसम या दोघांनी ‘बेओवुल्फ’ हा टाइपफेस केला होता. पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरला पान कसं काढायचं ते सांगणाऱ्या संगणकीय भाषेतल्या रेघ आणि वळण काढणाऱ्या आज्ञांच्या जागी त्यांनी ‘फ्रीकटू’ नावाची स्वतःची आज्ञा बसवली. छपाईच्या वेळी अक्षराच्या बाह्यरेषेचा प्रत्येक बिंदू थोडा इकडेतिकडे सरके, त्यामुळे एकच अक्षर कधीही दोनदा सारखं उमटत नसे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०११ साली आपल्या संग्रहात २३ डिजिटल टाइपफेस घेतले, त्यांत तो आहे. ही कल्पना मला आजही या विषयाचा गाभा वाटते, कारण झिजलेल्या फॉन्टचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पुनरावृत्ती. शब्दात दोन ‘ओ’ शेजारी आले आणि दोघांनाही उजवीकडे, त्याच उंचीवर, तोच टोचा दिसला की भास तिथेच संपतो.

यावर चांगले फॉन्ट दोन उपाय करतात. फक्त मोठी अक्षरं असलेल्या रोमन फॉन्टमध्ये लहान अक्षरांच्या जागी मोठ्या अक्षरांचीच दुसरी आवृत्ती ठेवलेली असते, आपण आलटूनपालटून टाइप करायचं. किंवा ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारातली ‘कॉन्टेक्स्च्युअल ऑल्टरनेट्स’ ही सोय शेजार बघून आपोआप रूप बदलते. ती सोय वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे ना, हे आधी बघा.

फॉन्ट घेण्याआधी मी तो पडद्यावर प्रचंड मोठा करून बघतो. कणांचे आकार बटाट्यासारखे गुळगुळीत, सगळे साधारण एकाच मापाचे असतील, तर कुणीतरी एखादं टेक्सचर घाईनं ऑटोट्रेस केलंय, म्हणजे त्याच्या कडा सॉफ्टवेअरकडून आपोआप गिरवून घेतल्यात. खऱ्या झिजेत मोजके मोठे खड्डे आणि असंख्य बारीक कण असतात, आणि कडा टोकदार असतात. आकडे, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं बघा. अक्षरं रणांगणातून आलेली आणि आकडे कालच शोरूममधून उचललेले, अशी जोडी सर्रास भेटते.

आता आकाराचं गणित, कारण ‘पडद्यावर छान, छापल्यावर बिघडलं’ याचं दुसरं कारण इथे आहे. फॉन्टचा चौकोन बहुतेक वेळा १००० एककांचा असतो. त्यात ५ एककांचा एक पांढरा कण धरा. २०० पॉइंटच्या शीर्षकात तो १ पॉइंटचा होतो, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर. दिसतो, छापला जातो. तोच फॉन्ट २४ पॉइंटवर आणला की कण ०.१२ पॉइंटचा होतो, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. शाई पसरून तो भरून जातो, आणि जिथे भरत नाही तिथे अक्षर नुसतं मळकट, फिकं दिसतं. उलट दिशेलाही धोका आहे. अर्ध्या मीटरच्या अक्षरात तो कण २.५ मिलिमीटरचा होईल आणि ट्रेस करताना आलेले त्याचे कोन स्पष्ट दिसतील. म्हणजे प्रत्येक झिजलेल्या फॉन्टला आकाराचा एक पट्टा असतो, त्याच्या बाहेर तो नेऊ नये. हा पट्टा पडद्यावर झूम करून कळत नाही. शीर्षकाचा एक तुकडा प्रत्यक्ष मापात छापा, भिंतीला लावा आणि प्रेक्षक जिथून बघणार तिथून बघा.

छपाईच्या पद्धतीप्रमाणेही निकाल बदलतो. स्क्रीन प्रिंटिंगशी या अक्षरांचं चांगलं जमतं. कापडावर शाईचा सलग जाड थर बसत नाही, कापड हाताला मऊ लागतं आणि शाईतला थोडा उन्नीसबीस झिजेत मिसळून जातो. मात्र जाळीच्या छिद्राहून बारीक कण टिकणार नाहीत, तेव्हा ते आधीच काढून टाकावेत. व्हिनाइल कटिंगला असा फॉन्ट देऊ नका. प्लॉटर, म्हणजे चिकट व्हिनाइल कापणारं यंत्र, प्रत्येक कणाभोवती सुरी फिरवतो आणि ते शेकडो तुकडे कुणाला तरी चिमट्यानं उचलावे लागतात. भरतकामालाही नको. आणि हल्ली हौसेनं जे लेटरप्रेस (उठावदार अक्षर शाई लावून कागदावर दाबण्याचं) काम होतं, त्याची प्लेट झिजलेल्या फॉन्टमधून करू नये असं माझं ठाम मत आहे. खरं यंत्र, खरा दाब, खरी शाई हाताशी असताना नकली झीज आणली की दोन्ही एकमेकांना खोडतात. तिथे साफ अक्षर द्या, बाकीचं यंत्र करेल.

वेबवर वापरायचा असेल तर फाइलचा आकार बघा. साध्या अक्षराला काही डझन बिंदू पुरतात, झिजलेल्याला शेकडो, कधी हजारो लागतात. फक्त लागणारी अक्षरं ठेवून बाकीची काढून टाकली तरच पान वेळेत उघडेल. एका शीर्षकासाठी एसव्हीजी चित्र आणि त्याला नीट पर्यायी मजकूर देणं पुष्कळदा जास्त सोयीचं पडतं.

अशा अक्षरांना बाहेरून स्ट्रोक, म्हणजे कडेची जादा रेघ, लावू नका. स्ट्रोक प्रत्येक कणाच्या कडेलाही बसतो आणि आतलं सगळं टेक्सचर बुजवतो. सॉफ्टवेअरच्या नकली बोल्डनं हेच होतं. कण म्हणजे भोकं आहेत हेही लक्षात असू द्या. अक्षर फोटोवर ठेवलं तर त्यातून फोटो दिसणार आणि सगळा गोंधळ होणार. मागची जमीन शांत हवी, आणि ती अक्षराच्याच गोष्टीतली हवी. गुळगुळीत डिजिटल ग्रेडियंटवर लाकडी खिळ्याचा छाप कितीही चांगला असला तरी उपराच दिसतो.

देवनागरीकडे येऊ, कारण इथे रोमनचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत.

पहिली अडचण शिरोरेखेची. संगणकावर प्रत्येक अक्षर आपला शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्याला टेकतं. त्या तुकड्याची टोकं झिजवली, तर प्रत्येक सांध्यावर फट पडते. टोकं शाबूत ठेवून मधला भाग झिजवला, तर ठरावीक अंतरावर गुळगुळीत डाग दिसतात. दोन्हीतला कुठला दोष पत्करायचा हे पुन्हा त्याच प्रश्नावर ठरतं. धातूच्या खिळ्यांच्या छपाईत सांध्यावर बारीक फटी खरोखरच पडत, कारण खिळ्यांचे कोपरे आधी झिजत. शेजारच्या खिळ्यावर झुकलेल्या मात्रा आणि रफारही नाजूक असत, ते तुटत. म्हणून जुन्या पुस्तकी छपाईचा भास हवा असेल तर सांध्यावरची फट खरी वाटते. भिंतीवर किंवा फलकावर रंगवलेल्या अक्षरांत शिरोरेखा एका दमात ओढलेली असते, तिथे तीच फट खटकते.

दुसरी अडचण कान्याची. ‘नाटकाचा’ हा एक शब्द घ्या. त्यात तीन काने आहेत. फॉन्टमध्ये कान्याचं एकच रूप असेल, तर एकच ओरखडा तीनदा, त्याच उंचीवर उभा राहतो. शिवाय त, न, म, प, च यांच्या उभ्या रेघाही त्याच टेक्सचरमधून कापलेल्या असल्या तर शब्दभर तीच खूण दिसत राहते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे दुसरी आवृत्ती ठेवायला रोमनसारखी आयती जागाही नाही. कान्याची निदान तीन-चार रूपं आणि ती आलटूनपालटून येण्याची सोय नसेल, तर तो देवनागरी फॉन्ट मी एक-दोन शब्दांपलीकडे वापरत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात गंभीर, कारण ती अर्थच बदलते. आपल्या लिपीत बारीकसा ठिपका किंवा छोटीशी तिरकी रेघ म्हणजे वेगळं अक्षर. शिरोरेखेच्या वर एक शाईचा कण पडला की ‘पथ’चा ‘पंथ’ होतो, आणि कण खाऊन टाकला की ‘मंद’चा ‘मद’. ‘म’च्या शिरोरेखेची डावी बाजू झिजली की तो ‘भ’कडे झुकतो, आणि ‘मार’ला ‘भार’ वाचलं जाऊ शकतं. ‘घ’चंही तसंच. शिरोरेखा मध्येच तुटली तर ‘घन’चं ‘धन’ व्हायला वेळ लागत नाही. ‘ब’मधली तिरपी रेघ गेली की ‘व’, ‘ष’मधली गेली की ‘प’. रोमनमध्ये इतक्या थोड्या झिजेनं अक्षर सहसा बदलत नाही, म्हणून तिकडची टेक्सचरं डोळे मिटून इकडे लावता येत नाहीत. देवनागरीत झीज कुठे चालेल याचा नकाशा मनात हवा. जाड उभ्या रेघांच्या अंगात चालेल, शिरोरेखेच्या वरच्या कडेला चालेल. गाठी, तिरप्या रेघा, अनुस्वार आणि शिरोरेखेतले मुद्दाम सोडलेले तुटक भाग यांना हात लावू नये. शिरोरेखेच्या वरची पट्टी तर मी कणांपासून पूर्ण साफ ठेवतो.

वापराचं क्षेत्र यातून बरंचसं ठरतं. नाटक, संगीत, प्रदर्शन, पुस्तकाचं मुखपृष्ठ, कपड्यावरचं चित्र, हातानं बनवलेल्या वस्तूचं लेबल इथे मोठ्या आकारातले एक ते चार शब्द उत्तम उभे राहतात. विषयाशी त्या झिजेचं नातं असेल तर आणखी चांगलं. तपासकथेला टाइपरायटर, बंडखोर संगीताला झेरॉक्स, माल वाहतुकीच्या गोष्टीला स्टेन्सिल. तारीख, वेळ, ठिकाण, फोन नंबर, औषधाची माहिती, सूचना, इशारे यांसाठी हा फॉन्ट अजिबात नको. अंधुक नजरेच्या वाचकाला एक आकडा चुकीचा दिसला तर रंगसंगती कितीही सुंदर असून उपयोग नाही. आणि एखाद्या खऱ्या आपत्तीवरच्या किंवा माणसांच्या खऱ्या हालांवरच्या कामात तडकलेली अक्षरं वापरताना फार विचार करा. तिथे मी जवळजवळ नेहमी साफ अक्षर निवडतो. दुःखावर नक्षी काढल्यासारखं होऊ नये.

तुमच्या पोस्टरसाठी मी हे करीन. शीर्षक दोन-तीन शब्दांचंच असल्यामुळे तयार झिजलेला फॉन्ट सोडून देईन. एखादा चांगला, जाड, साफ देवनागरी डिस्प्ले फॉन्ट घ्या. शब्द लेझर प्रिंटरवर मोठा छापा. मग नाटकाच्या विषयाला शोभेल ती झीज प्रत्यक्ष करा: कागद चुरगाळून उलगडा, बारीक पॉलिश पेपरनं घासा, किंवा चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा म्हणजे टोनर उचलला जाईल. तीनचार प्रती करा, प्रत्येकीतले चांगले भाग निवडता येतात. १२०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, थ्रेशोल्ड लावा (करड्या छटा जाऊन फक्त काळं-पांढरं उरतं), सुटे कण हातानं साफ करा. अनुस्वार, ब-व, म-भ एकेक करून तपासा आणि शीर्षक माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. तो अडखळला तर तिथली झीज कमी करा. कलावंतांची नावं, तारीख आणि वेळ त्याच फॉन्टच्या साफ रूपात किंवा एखाद्या साध्या मजकूर-फॉन्टमध्ये ठेवा. पक्कं झालेलं शीर्षक छापखान्यात देताना जेपीईजी करू नका, कडांना धूसर किनार येते. छपाईच्या प्रत्यक्ष मापात १२०० पीपीआयचं एक-बिट (फक्त काळं-पांढरं) टिफ द्या, किंवा त्यावरून नीट ट्रेस केलेलं व्हेक्टर, म्हणजे बाह्यरेषांचं चित्र.